पद्मिनीला ताप का येतो?

मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी ‘पद्मिनी’ टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, आणि मुंबईत टॅक्सीला मुदत वीस वर्षांची. त्या दिवसांत पेपरांतून तिचे फोटो आले, लोकांनी हळहळ व्यक्त केली. पण आपल्या तालुक्याच्या गावांत जरा आजूबाजूला बघा. कुणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कुणाच्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी पद्मिनी अजून उभी असते. कुणाच्या वडिलांनी घेतलेली, कुणाच्या सासऱ्यांनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. इटलीच्या ‘फियाट ११००’ वरून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. १९७४ मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं, पण आपल्याकडे ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली! नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची तिच्यासाठी. म्हणून तर तिच्यात जीव अडकतो घरच्यांचा.

आणि या सगळ्या गाड्यांची एकच तक्रार असते, ‘तापते हो फार!’

तापते म्हटलं की पुढची वाक्यं ठरलेली. ‘इंजिन उतरवावं लागेल.’ ‘आता हिच्यात दम नाही राहिला.’ ‘भंगारात द्या, वहिनी.’ ऐकणारी बाई असेल तर ही वाक्यं जरा लवकरच येतात. खरं तर तापणं हा रोग नाही, ते लक्षण आहे. अंगात ताप आला म्हणून कुणी एकदम ऑपरेशनला नेत नाही. आधी घसा बघतात, पोट बघतात. गाडीचंही तसंच.

आमच्या घरची १९८४ ची

आम्ही वाईचे. सासऱ्यांची फियाट १९८४ ची. ते गेल्यावर गाडी वापरात राहिली ती सासूबाईंमुळे. पाचगणीला नणंदेकडे जायचं तर त्यांना तीच लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात मात्र पसरणीचा घाट अर्धा चढला की काटा लाल पट्ट्याकडे झुकायला लागला. दोनदा तर वाफ निघाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. आमची ती तारीखही जवळ आली होती. म्हणजे आता खर्च करायचा की गाडी मोडीत काढायची, हे ठरवणं भागच होतं.

एका गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेट उघडून पाच मिनिटं बघितलं आणि सांगितलं, ‘हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवायचं, फेसिंग करायचं, जमलं तर बोअरही करून घ्या. ३२ हजार धरून चला.’ सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘गॅस्केट गेलंय हे कशावरून कळलं तुम्हाला?’ त्यावर उत्तर आलं, ‘काकू, ते तुम्हाला नाही कळायचं.’

त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मला म्हणाल्या, ‘वही काढ.’

इंजिन तापतं तरी कशाने?

आधी थोडं समजून घेऊ. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिचा साधारण पाव हिस्साच चाकांना ओढायच्या कामी येतो. बाकीची सायलेन्सरवाटे धुराबरोबर जाते, आणि मोठा वाटा इंजिनच्या लोखंडात मुरतो. तो बाहेर काढायचं काम पाण्याचं.

पाण्याचा फेरा असा. इंजिनच्या ब्लॉकमधून फिरून पाणी तापतं, वरच्या रबरी होज पाइपातून रेडिएटरच्या वरच्या टाकीत येतं. तिथून बारीक बारीक नळ्यांमधून खाली उतरताना पंख्याच्या वाऱ्याने थंड होतं, आणि खालच्या होज पाइपातून परत इंजिनात जातं. हे पाणी ढकलणारा पंप म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘वॉटर बॉडी’. पंप आणि पंखा दोन्ही फिरतात ते एका फॅनबेल्टवर. मध्ये थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. इंजिन गार असेपर्यंत ती बंद राहते आणि पाणी साधारण ८०-८५ अंशांवर गेलं की उघडते.

राहिलं रेडिएटरचं झाकण. ते नुसतं झाकण नव्हे. कुकरच्या शिट्टीसारखं ते दाब धरून ठेवतं, आणि दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाजूच्या नळीतून निघून जातं. लोक म्हणतात, ‘गाडी पाणी खाते!’

एवढं कळलं की अर्धं काम झालं. कारण प्रश्न आता एवढाच उरतो: पाणी कमी पडतंय, पाणी फिरत नाहीये, वारा लागत नाहीये, की मुळात उष्णताच जास्त तयार होतेय?

कधी तापते, हे आधी लिहा

आमच्या वहीत आठ दिवस नोंदी झाल्या. तारीख, कुठे गेलो, काटा कुठे होता, परत आल्यावर गार इंजिनात किती पाणी भरावं लागलं. मेकॅनिकलाही नेमकं हेच लागतं, पण आपण ‘तापते’ एवढंच सांगतो.

बाजारात, सिग्नलला, गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो? मग वारा कमी पडतोय. फॅनबेल्ट सैल झालाय का, पंख्याचं पातं तुटलंय का, ते बघा. बेल्ट दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. जास्त दबत असेल तर तो घसरतोय. हे अर्थात इंजिन बंद असतानाच करायचं, आणि पदर, ओढणी, वेणी आवरून.

उलट, गावात ठीक आणि घाटात किंवा हायवेला वेगात तापते? मग पाणी पुरेसं फिरत नाहीये. बहुतेक वेळा रेडिएटर चोंदलेला असतो.

सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापते? थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय का ते बघायचं, किंवा खरंच हेड गॅस्केट.

आमची गावात ठीक, घाटात गरम. म्हणजे संशय रेडिएटरवर. पण सासूबाई गणिताच्या शिक्षिका. म्हणाल्या, ‘संशय म्हणजे उत्तर नव्हे. एकेक खोडत जायचं.’

काटा खरं बोलतोय का?

चाळीस वर्षांचा काटा खोटंही बोलू शकतो. वायर सैल असली, सेन्सर बिघडला, की इंजिन गार असूनही काटा वर जातो. म्हणून आधी खात्री. लांबून तापमान दाखवणारा बंदुकीच्या आकाराचा थर्मामीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. (कोरोनाच्या काळात घरोघर आलेला कपाळाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो माणसाच्या तापापुरताच असतो.) वरचा होज पाइप इंजिनातून जिथे बाहेर येतो, तिथे तो रोखायचा. आमच्याकडे काट्याचं आणि त्याचं जमलं. म्हणजे ताप खरा होता.

गॅस्केट गेलंय, हे कशावरून?

इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा बसवलेला असतो, तो हेड गॅस्केट. या फियाटचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. खूप तापलं की ॲल्युमिनियम वाकतं आणि गॅस्केट फुटतं. तसं झालं तर खर्च मोठा, यात वाद नाही. पण त्याच्या खुणा असतात, आणि त्या आपल्याला बघता येतात.

गार इंजिनात तेलाची पट्टी बाहेर काढा. तेल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर पाणी तेलात गेलंय. गाडी नीट गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरी वाफ येत राहिली तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. इंजिन गार असताना झाकण काढून गाडी सुरू केली आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले तर जळलेला वायू पाण्यात घुसतोय. आणि बाहेर कुठेही न गळता पाणी रोज कमी होत असेल तर तीही खूण.

आमचं तेल स्वच्छ. वाफ नाही. बुडबुडे नाहीत. पाणी कमी व्हायचं, पण रेडिएटरच्या बाजूच्या नळीखाली ओघळ वाळलेले दिसत होते. झाकण बघितलं तर रबराला चिरा! नवं झाकण आणलं. पाणी कमी व्हायचं थांबलं. घाटात काटा मात्र अजून वर जातच होता.

म्हणजे ३२ हजारांचं दुखणं यादीतून जवळजवळ गेलं, खरं दुखणं अजून सापडायचं होतं.

हिरीचं पाणी आणि रेडिएटर

मग रेडिएटर. गाडी गरम करून, बंद करून, समोरून रेडिएटरच्या जाळीवर तो थर्मामीटर फिरवला. चांगल्या रेडिएटरमध्ये वरून खाली तापमान सारखं उतरत जातं. आमच्या रेडिएटरमध्ये मधे मधे गार पट्टे निघाले. सगळीकडे गरम आणि इथेच गार, याचा अर्थ तिथून गरम पाणी जातच नाही!

साताऱ्याच्या रेडिएटरवाल्या चाचांकडे नेला. पिढ्यान्‌पिढ्यांचं काम त्यांचं. त्यांनी वरची टाकी डाग काढून उघडली आणि सासूबाईंना बोलावून दाखवलं, ‘देखो भाभी, आधी नळ्या बंद.’ आत पांढरा-तपकिरी दगड झालेला. आमच्या विहिरीचं पाणी जड. कुकरमध्ये भांड्याखाली पांढरा थर धरतो ना, तोच हा क्षार. चाळीस वर्षं रेडिएटरमध्ये विहिरीचंच पाणी ओतलं गेलं होतं. शिवाय ब्लॉकमधला गंज.

जुन्या गाड्यांचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो, म्हणून तो उघडता येतो, नळ्यांमधून सळी घालून साफ करता येतो आणि परत डाग देता येतो. हाच त्याचा मोठा गुण. चाचांनी दोन दिवसांत तो मोकळा करून दिला. आम्ही तोवर मेकॅनिककडून ब्लॉकमध्ये उलट्या दिशेने पाणी सोडून गंज धुऊन घेतला. काळं-लाल पाणी कितीतरी वेळ येत होतं.

रेडिएटर झाला, तरीही?

काटा उतरला, पण पूर्ण नाही. इथेच बरेच जण कंटाळतात आणि ‘आता इंजिनच’ म्हणतात. आम्ही बॉनेट उघडं ठेवून एकाला ॲक्सिलरेटर दाबायला बसवलं आणि लांबून बघितलं. रेस वाढवली की खालचा होज पाइप चपटा व्हायचा! रेडिएटर चोंदलेला असताना पंप जोरात पाणी ओढत राहिला, आणि रबर जुनं झाल्यामुळे पाइप आतल्या आत मिटायला लागला. उभ्या गाडीत पाइप अगदी ठीक दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही पाइप बदलले.

शेवटी टायमिंग. स्पार्क उशिरा पडत असेल तर पेट्रोल जळायचं काम लांबतं, जोर मिळत नाही आणि उष्णता मात्र हेडमध्ये आणि सायलेन्सरच्या वाटेवर साठते. घाटात गाडी ओढत नाही आणि तापतेही, ही त्याची जोडखूण. या वेळी गावातल्याच एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो. त्यांनी डेल्कोतले पॉइंट साफ करून गॅप लावला, टायमिंग बसवलं. वही बघून हसले आणि म्हणाले, ‘बाई, अशी वही सगळ्यांनी आणली तर आमचं निम्मं काम होईल.’

झाकण, रेडिएटर, पाइप, टायमिंग, कूलंट आणि मजुरी धरून साडेसहा हजार झाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात चौघं बसून पसरणीचा घाट चढलो. काटा मध्यावर गेला आणि तिथेच राहिला. पुढची पाच वर्षांची नोंदणीही झाली.

यातली महत्त्वाची गोष्ट एकच. प्रत्येक वेळी एकच वस्तू बदलायची, गाडी चालवून बघायची आणि वहीत लिहायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही, आणि नको तो खर्च होतो.

थर्मोस्टॅट काढून टाकू का?

गाडी तापते म्हटलं की आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धत आहे. त्याने मूळ दुखणं झाकतं, बरं होत नाही. शिवाय इंजिन गारच चालत राहतं, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. तो बिघडलाय का हे घरच्या शेगडीवर कळतं. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगून बुडवा, जास्त तापमान मोजणारा थर्मामीटर लावा. झडपेवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास ती उघडायला हवी आणि पाणी निवलं की मिटायला हवी. ते पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकात घ्यायचं नाही.

वाटेत वाफ निघाली तर

हे प्रत्येकीने, गाडी नवी असो की जुनी, पाठ करून ठेवावं. वाफ दिसली की गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, मुलांना रस्त्यापासून लांब उभं करा. वाफ ओसरल्यावर बॉनेट उघडा. गरम रेडिएटरचं झाकण काढू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर, हातावर येतं आणि गंभीर भाजतं. ओलं फडकं धरून उघडलं तरी हा धोका टळत नाही. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. तापल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. पूर्ण निवल्यावरच हळूहळू पाणी भरा. ‘एवढाच घाट काढू’ म्हणून पुढे दामटलं तर दोन-तीन हजारांचं काम तीस हजारांवर जातं. गॅस्केट खरोखर जातं ते अशाच वेळी.

पाणी कुठलं भरायचं? अडचणीच्या वेळी मिळेल ते. पण घरी आल्यावर ते काढून टाका. कायमसाठी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. ते तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चालणारं आहे ना, हे दुकानात विचारून घ्या. कूलंट गंज धरू देत नाही आणि उकळायचं तापमानही वाढवतं. बहुतेक कूलंट मात्र विषारी असतं आणि चवीला गोडसर, म्हणून मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून डबा लांब ठेवा. सांडलं तर लगेच धुऊन टाका.

पहिली मेकॅनिक कोण होती?

‘बायकांना इंजिनातलं काय कळतं’ असं कुणी म्हणालं तर त्यांना बर्था बेंझची गोष्ट सांगा. जर्मनीत कार्ल बेंझने मोटारगाडी तयार केली, पण ती लांब पल्ल्याला चालेल यावर लोकांचा विश्वास नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता गाडी काढून निघाली. मानहाइमहून फोर्त्सहाइम या आपल्या माहेरच्या गावी, शंभरेक किलोमीटर! तिच्या गाडीतलं पाणीही वाफ होऊन उडून जायचं, म्हणून जागोजागी थांबून पाणी भरावं लागलं. पेट्रोलची नळी चोंदली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासात गाडी चालवायला आणि दुरुस्त करायला एक बाईच होती.

आपल्याला काही स्वतः हेड उतरवायचं नाही. स्पॅनर मेकॅनिकनेच चालवावा, ते त्याचं कसब. पण ‘हे कशावरून?’ एवढा प्रश्न आपण विचारू शकतो. चांगला कारागीर या प्रश्नाने चिडत नाही, उलट बोलावून दाखवतो. आणि जो दाखवायला तयार नसतो, त्याच्याकडून गाडी परत आणायला हरकत नाही.

आमची वही आता गाडीच्या कप्प्यातच असते. तुमच्या शेडमध्येही एखादी ताडपत्रीखालची पद्मिनी असेल, तर तिला भंगारवाल्याला दाखवण्याआधी येत्या रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, एकदा बॉनेट उघडून झाकणाचं रबर, फॅनबेल्ट आणि तेलाची पट्टी तेवढी बघून घ्या. बघताय ना?